डोहाळजेवणात खेळ कोणते घ्यावेत? दोन्ही घरांना हसवणारे आणि तिला न दमवणारे

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय: धाकट्या जावेचं सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आहे. सोसायटीचा हॉल तीन तासांसाठी मिळालाय. दोन्हीकडची मिळून पन्नासेक माणसं येतील, त्यात पुरुषही आहेत. जाऊ लवकर दमते, शिवाय तिची साखर थोडी वाढलेली आहे. नणंद न्यू जर्सीत असते, तिलाही सामील व्हायचंय. पेढा-बर्फी आणि तंबोला सोडून काहीतरी सुचवा.

ताई, मी ठाण्यात बरीच वर्षं डोहाळजेवणं करते. आधी फक्त फुलांची वाडी करून द्यायचे. मग ‘आता आलाच आहात तर खेळही घ्या’ असं होत होत निवेदनही गळ्यात पडलं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

खेळांची यादी करण्याआधी हॉल कसा भरतो ते डोळ्यांपुढे आणा. एका बाजूच्या खुर्च्यांवर माहेरची माणसं, समोरच्या बाजूला सासरची, मधे झोपाळा आणि फोटोग्राफर. लग्नानंतर ही दोन घरं बहुतेक आजच समोरासमोर आलेली असतात. विहीणबाई एकमेकींना ‘बसा ना’, ‘आधी तुम्ही बसा’ करत दोघीही उभ्याच. पुरुष मंडळी दाराजवळ, पानं कधी वाढतात याची वाट बघत. उद्या बाळ आलं की याच माणसांना दवाखान्याच्या बाकावर रात्र काढायची आहे आणि कोण कधी डबा आणणार ते ठरवायचं आहे. म्हणून मी कुठलाही खेळ दोन गोष्टींवर पारखते. त्यात सासरचं एक माणूस माहेरच्या माणसाशेजारी बसतं का? आणि जिचा कार्यक्रम आहे ती बसल्या जागी त्याची मजा घेऊ शकते का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर तो खेळ मी घेत नाही, मग इंटरनेटवर तो कितीही गाजत असो. तंबोला याच कसोटीला नापास होतो. पन्नास माणसं मान खाली घालून आपापल्या तिकिटात डोकं खुपसून बसतात. तो तुम्ही आधीच वगळलात ते बरं केलंत.

आता वेळेचा हिशेब. तीन तासांतला पाऊण तास ओटी भरण्यात जातो आणि जवळपास तितकाच फोटोंत. पाच सुवासिनी म्हणता म्हणता पंधरा जणी रांगेत उभ्या राहतात, आणि प्रत्येकीला धनुष्यबाण घेतलेल्या जावेबरोबर फोटो हवाच असतो. जेवणाला एक तास धरा. खेळांना उरतो अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात तीन खेळ होतात, चौथा ओढूनताणून. दहा खेळांची यादी करून ठेवाल तर शेवटचे सहा ‘लवकर लवकर’ म्हणत उरकावे लागतील आणि सगळ्यांचा विरस होईल.

ओटीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. घरात आजेसासू किंवा आजी विधवा असेल तर ती आपणहून मागच्या खुर्चीवर जाऊन बसते. तिला पुढे आणा आणि पहिली ओटी तिच्या हातून भरा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. जे एका गावाला जमलं ते आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमायला हरकत नाही. घरातल्या मोठ्यांशी आधी बोलून ठेवा म्हणजे ऐनवेळी कुजबुज होत नाही.

जावेच्या बसण्याचं बघा. सजवलेला झोपाळा फोटोत छान दिसतो, पण तो मागून बांधून घट्ट करा, हलायला नको. पाठीला लोड, पायाखाली पाट. वाडी सांगताना फुलवालीला आधी विचारा की फुलं कुठली आहेत. निशिगंध आणि मोगरा दोन्ही घमघमतात, आणि डोक्यापासून कमरेपर्यंत तेच घातलं की सातव्या महिन्यातल्या बाईला मळमळू शकतं. तिला वास सोसत नसेल तर मुकुट आणि बाजूबंद शेवंतीचे करा, मोगरा फक्त मनगटापुरता ठेवा. मुकुट हलका हवा. जड मुकुटाने अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं, आणि बिचारी हसत हसत सहन करते, कारण कॅमेरा समोर असतो.

आणि घास! प्रत्येक जण कौतुकाने एक घास भरवतो. पन्नास माणसं गुणिले अर्धी करंजी, हा हिशेब साखर वाढलेल्या बाईला परवडणारा नाही. तिच्या डॉक्टरांनी खाण्याच्या वेळा दिल्या असतील, त्या पाळा. तिचं पान सगळ्यांच्या आधी वाढा, मग कार्यक्रम कितीही रेंगाळो. घास भरवायच्या ताटात गोडाऐवजी काकडीच्या फोडी, भाजलेले मखाणे, डाळिंबाचे दाणे ठेवा. ताट फुलांनी सजवलेलं असलं की त्यात काय आहे याकडे कोणी बघत नाही.

आता खेळ. माझा सगळ्यात लाडका खेळ आधी सांगते, त्याला खर्च शून्य आहे. आठवडाभर आधी दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच प्रश्न पाठवायचा: ‘तुम्ही पोटात असताना तुमच्या आईला कशाचे डोहाळे लागले होते?’ उत्तरं तुमच्या एकटीच्या नंबरवर मागवायची, गटावर नाही. प्रत्येक उत्तराची एक चिठ्ठी करायची, नाव न घालता. कार्यक्रमात चिठ्ठी वाचायची आणि हे बाळ आपल्यातलं कोण ते सगळ्यांनी ओळखायचं.

प्रश्नाची रचना मुद्दाम अशी आहे. ‘तुम्हाला कशाचे डोहाळे लागले होते’ असं विचारलं की पुरुष बाद, लग्न न झालेल्या मुली बाद, आणि जिला मूल नाही तिला सगळ्यांसमोर गप्प बसावं लागतं. आईच्या पोटात मात्र सगळेच होते. सत्तरीचे काका गावी बहिणीला फोन करून विचारतात, आईने काय खाल्लं होतं गं माझ्या वेळी. ज्यांच्या घरी सांगणारं कोणी उरलं नाही त्यांना आग्रह करू नका, त्यांना ओळखणाऱ्यांत बसवा.

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. चिंच-कैरी तर येतेच, पण भाजक्या मातीचे खडे, पाटीवरची पेन्सिल, शेजारणीकडचंच लोणचं, एसटी स्टँडवरची मिसळ, असलंही येतं. एका ठिकाणी चिठ्ठी निघाली, ‘रात्री दोन वाजता ज्वारीचा हुरडा, तोही मे महिन्यात.’ हॉलभर अंदाज चालले असताना जावयाचे वडील, इतका वेळ एक शब्द न बोललेले, उठून म्हणाले, ‘तो हुरडा मी.’ आणि त्यांच्या वडिलांनी कुठून काय आणून वेळ निभावली याची गोष्ट त्यांनी चांगली दहा मिनिटं सांगितली. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढचा खेळ मी सोडूनच दिला. खेळ रंगला की यादी गुंडाळून ठेवायची असते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. माती, खडू, पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं याचा संबंध बरेचदा रक्तातल्या लोहाच्या कमतरतेशी असतो. चिठ्ठ्या वाचताना तुमची जाऊ हळूच म्हणाली की ‘मलाही तसंच होतंय’, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसरा खेळ म्हणजे बाळगुटी ओळखा. आयुर्वेदिक दुकानातून गुटीचं सगळं सामान आणा: वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, खारीक, बदाम. सुटी मिळतात, फार खर्च येत नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या वाटीत, वाट्या एका ताटात, वर सुती ओढणी. जोड्या तुम्ही पाडा: सासरची एक, माहेरची एक, आणि त्यांतली एक पन्नाशीच्या पुढची. जोडीने ओढणीखाली हात घालायचा, चाचपायचं, वास घ्यायचा आणि नावं लिहायची. दोन मिनिटं पुरतात.

मुरुडशेंग पिळाची असते, बोटांना लगेच कळते. हिरड्याला उभे कंगोरे असतात. वेखंडाचा उग्र वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. खरी गंमत जायफळ आणि मायफळात आहे. दोन्ही गोल, दोन्ही टणक, पण मायफळाला बारीक टेंगळं असतात. ते मुळात फळच नाही. ओकच्या झाडावर कीटकामुळे धरणारी ती गाठ असते, आणि काकडशिंगीही तशीच, वेगळ्या झाडावरची. हे सांगितलं की ज्या आज्यांनी शेकडो वेळा ती उगाळली त्यांच्याही भुवया वर जातात. तरुण मुली इथे साफ हरतात आणि मागे बसलेल्या आज्या एकदम पुढच्या रांगेत येतात. सहाण जवळ ठेवा, कारण कोणीतरी उगाळून दाखवल्याशिवाय राहत नाही, आणि ‘आमच्याकडे खारकेचे दोन वेढे’, ‘छे, आमच्याकडे एकच’ असा सासर-माहेरचा गोड वाद लगेच सुरू होतो. तो होऊ द्या.

हे ताट जावेच्या नाकाखाली नेऊ नका, वेखंडाचा वास तिला नको. आणि निवेदन करताना एक वाक्य आवर्जून बोला: हा खेळ ओळखण्यापुरता. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि आपले बालरोगतज्ज्ञही. गुटी द्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारून. आजीला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं, सुनेच्या तोंडून नाही. म्हणून ते काम निवेदिकेने करावं. तेवढा वाईटपणा घ्यायला मी तयार असते.

पुरुषांना दाराजवळून आत ओढायचं असेल तर लंगोटाचा खेळ. साधारण खऱ्या बाळाएवढ्या दोन बाहुल्या, जुन्या धोतराचे किंवा मऊ साडीचे नाडीवाले तिकोनी लंगोट, दोन झबली, दोन दुपटी. एका टेबलाशी होणारे बाबा आणि त्यांचा मेव्हणा, दुसऱ्याशी दोन्हीकडचे आजोबा. मोबाईलवर बाळाच्या रडण्याचा आवाज लावून ठेवा, आणि तो जितका चढेल तितकी घाई होते. पण गुण घाईला देऊ नका. परीक्षक म्हणून आजी बसवा, घरात कोणी नर्स असेल तर उत्तमच. बाहुली उचलताना मानेखाली हात नसेल तर दोन गुण वजा. दुपट्यात पाय ताणून आवळले तर एक गुण वजा, कारण बाळाचे पाय आत मोकळे हलायला हवेत. शेवटी आजीने बाहुली काखेत धरून उचलायची, आणि लंगोट गळून पडला की तो संघ बाद. बहुतेक वेळा दोन्ही संघांचे लंगोट जमिनीवर असतात. मग आजी बांधून दाखवते, आणि त्या वेळी होणारे बाबा किती लक्ष देऊन बघत असतात ते बघा. बाहुलीला लावलेला डायपर हुंगून त्यात कुठलं चॉकलेट वितळवलंय ते ओळखायचं, असा एक परदेशी खेळ हल्ली फिरतोय. आपल्याकडच्या आज्यांसमोर तो घेऊ नका, एवढंच म्हणते.

नावांच्या भेंड्या सगळ्यांना येतात, सामान काही लागत नाही, आणि जेवणाची पानं मांडेपर्यंतची पोकळी भरून निघते. नेहमीचाच नियम, शेवटच्या अक्षराने पुढचं नाव. मृण्मयी, मग यामिनी, मग निहार, मग रेणुका. ‘ळ’ किंवा ‘ण’ आला तर त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं, नाहीतर भेंडी तिथेच अडकते. संघ मात्र सासर विरुद्ध माहेर असे पाडू नका, मिसळून पाडा. एका भाचीला वही देऊन सगळी नावं उतरवून घ्यायला सांगा, आईबाबांना ती यादी बारशापर्यंत उपयोगी पडते. ‘यातलं कुठलं आवडलं’ हे त्यांना तिथे विचारायचं नाही. नाव कानात सांगायचा मान आत्याचा, तो तिला बारशालाच मिळू दे.

उखाणे तर हवेतच, पण नेहमीचे पाठ केलेले नकोत. दोन तयार देते, रिकाम्या जागी नाव घाला. तिच्यासाठी:

अंगावर फुलांची वाडी, हातात हिरवा चुडा,
रात्री अकरा वाजता ___रावांनी आणला बटाटेवडा.

आणि त्याच्यासाठी, कारण नवऱ्यालाही घ्यायला लावायचंच:

दवाखान्यात जाताना फाईल मी धरतो,
___ जेवते दोघांचं, पण घेर माझाच वाढतो.

यात वजनाचा विनोद नवऱ्याच्या वजनावर आहे, तिच्या नाही, हे लक्षात घ्या. पोटाचा घेर दोरीने किंवा रिबिनीने मोजायचा एक खेळ बरेच जण घेतात. मी घेत नाही. गेले काही महिने तिचं वजन, घेर, साखर सगळं मोजलं जातंय, निदान आज तरी तिला मोजू नका. फुगे फोडणं, डोळे बांधून काही करायला लावणं, धुराच्या नळ्या उडवणं हेही वगळा. संगीत खुर्ची आणि झिम्मा-फुगडी पाहुण्यांनी हवी तर खेळावी, जागा असेल तर.

पेढा-बर्फी तुम्ही सोडून द्या म्हणालात, तरी घरातलं कोणीतरी दोन झाकलेल्या वाट्या घेऊन येईलच. म्हणून त्याबद्दल स्पष्टच लिहिते. पेढा आला तर मुलगा, बर्फी आली तर मुलगी, हा नुसता अंदाज असतो, कायद्याचा त्याच्याशी संबंध नाही. परदेशातल्यासारखा तपासणीतून कळलेलं लिंग केक कापून जाहीर करायचा प्रकार मात्र आपल्याकडे करताच येत नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला, पाठोपाठ १९९४ चा केंद्राचा कायदा आला, आणि शब्दांनी, खुणेने किंवा इतर कुठल्याही प्रकारे गर्भाचं लिंग सांगायला त्यात बंदी आहे. डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यातच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मला पेढा-बर्फीतलं खटकतं ते वेगळंच. वाटी उघडते, बर्फी निघते, आणि मागून कोणीतरी म्हणतं, ‘असू दे, असू दे, पहिली बेटी धनाची पेटी.’ त्या ‘असू दे’ने तिचा चेहरा क्षणभर उतरतो, आणि फोटोग्राफर नेमका तोच क्षण टिपतो. म्हणून मी वाट्या पाच ठेवते आणि प्रश्नच बदलते: बाळाचं पहिलं वर्ष कसं जाणार? एका वाटीत खडीसाखर, म्हणजे बाळ रात्रभर झोपणार. एकीत मिरी, म्हणजे तिखट स्वभावाचं. लाह्या म्हणजे पाळण्यात ठरणार नाही, सतत उड्या. चिंच म्हणजे सगळ्यांना मुरके मारणार. पाचवीत वेलदोडा, कडेवर घेईल त्याला आपलंसं करणार. ती एक वाटी उघडते आणि दोन्ही घरं लगेच ‘हे तुमच्याकडून आलं’ म्हणत एकमेकांवर ढकलायला लागतात. वाटीतलं तिला खायला लागत नाही, हा साखरेच्या दृष्टीने आणखी फायदा. हट्टाने कोणी पेढा-बर्फी आणलीच तर तीही ताटात ठेवा, सातपैकी दोन वाट्या म्हणून. भांडण नको.

खेळांच्या बाजूला एक टेबल गोधडीसाठी मांडा, आल्यापासून जेवणापर्यंत ते चालू राहतं. आजीची जुनी सुती साडी धुऊन, तीन पदर एकावर एक, साधारण तीन फूट बाय तीन फूट. तुकडा एक सासरच्या साडीचा, एक माहेरच्या. कडा घरीच कच्च्या टाक्यांनी धरून ठेवा, नाहीतर पदर सरकतात आणि मधे फुगा येतो. येणाऱ्या प्रत्येकाने वीतभर धावदोरा घालायचा, बाहेरच्या कडेपासून आत, हव्या त्या रंगाच्या दोऱ्याने. टाके वाकडे येतात, लहान-मोठे येतात. उसवून नीट करणाऱ्या काकू प्रत्येक घरात असतात, त्यांना टेबलापासून लांब ठेवा. सुया मोजून द्या आणि मोजून परत घ्या, त्यासाठी एक जबाबदार बाई नेमा. शेवटची सुई उशीत टोचल्याशिवाय गोधडी घडी करायची नाही. उरलेलं काम घरातल्या कोणीतरी बसून पुरं करावं.

बक्षिसांचं म्हणाल तर प्लास्टिकच्या डब्यांचा ढीग वाटू नका. पानओव्याची रोपं द्या, घरात बाळ असो वा नसो, उपयोगी पडतात. आणि हरणाऱ्यांसाठी शिक्षा ठेवा. एक वही करायची, बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्याची, एका पानावर एक दिवस. जो हरेल त्याने एक पान निवडून लिहायचं की त्या दिवशी मी काय करणार. ‘बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन येईन.’ ‘रात्री दहा ते दोन बाळाला मी सांभाळेन.’ ‘औषधं आणायचं काम माझं.’ खाली सही आणि फोन नंबर. ‘बाळाला बघायला येईन’ असं कोणी लिहिलं तर वही परत द्या, ते काम नव्हे. तारखा घालू नका, बाळ आलं की पहिल्या दिवसापासून मोजायच्या. भेटीला येणाऱ्यांना आल्यावर चहा विचारत बसण्यापेक्षा ही वही बाळंतिणीच्या खोलीत टांगलेली बरी.

निवेदन कोणी करायचं? बाहेरचा माईकवाला आणू नका. सासरकडची एक बोलकी आत्या, माहेरकडची एक मावशी, दोघींना आठवडाभर आधी फोनवर बसवा आणि खेळ वाटून द्या. दोघी मिळून सराव करतात तिथेच अर्धं काम होतं.

राहिली न्यू जर्सीची नणंद. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. संध्याकाळी सातला ओटी असेल तर उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, सोयीचं आहे. मात्र पूर्ण तीन तास तिला फोनवर ताटकळत ठेवू नका. फोन कोणाच्या तरी हातात फिरतो आणि तिला छत आणि पंखे दिसत राहतात. तिला नेमकी वेळ द्या आणि नेमकं काम द्या. डोहाळ्यांच्या चिठ्ठ्या तिच्याकडे आधीच पाठवून ठेवा आणि तो खेळ तिलाच घेऊ द्या, मोठ्या पडद्यावरून. हॉलमध्ये पडदा आहे का, आवाजाची तार कुठली लागते, हे आदल्या दिवशी जाऊन तपासा. हॉलच्या वायफायच्या भरवशावर राहू नका, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असलेले फोन तयार ठेवा. आणि तिच्याकडच्या चिठ्ठ्यांची एक प्रत कागदावर काढून मावशीकडे देऊन ठेवा, कॉल तुटला तर खेळ थांबायला नको.